हायस्कूलचे दार आणि वसतिगृहाची चूल

शाळेचा इतिहास लिहिताना कोनशिला, इमारती, देणगीदार, मुख्याध्यापक आणि मॅट्रिकचे निकाल यांची नोंद आवर्जून केली जाते. विद्यार्थी रात्री कोठे निजत होता आणि दोन वेळा कोणाच्या पंक्तीला जेवत होता, ही नोंद मात्र क्वचितच सापडते. वस्तुतः महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षणाचा मागोवा घेतला तर असे दिसते की, हायस्कूलचे दार सर्वांना खुले झाल्यानंतरही कित्येक घरांतील मुले त्या दारापर्यंत पोहोचू शकली नाहीत आणि त्याचे कारण पुष्कळदा वर्गात नव्हते, ते स्वयंपाकघरात होते.

दार खुले होण्याची कथाही सरळ नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार विद्यार्थ्याने प्रवेश मागितला आणि तो नाकारण्यात आला. प्रकरण वरपर्यंत गेले. अखेर १८५८ मध्ये, सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा जातिभेद न मानता सर्व प्रजाजनांसाठी आहेत, असे धोरण मुंबई सरकारने जाहीर केले. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली होती. मॅट्रिकची परीक्षा, कॉलेज आणि सरकारी नोकरी अशी शिडी समाजापुढे उभी राहिली. शिडीची पहिली पायरी म्हणजे हायस्कूल.

नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे तर त्या काळी ही पायरी नाशिक शहरात होती. गावात मराठी शाळा असे. मराठी चार इयत्ता झाल्या की मुलाने इंग्रजी पहिलीत जावे आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक व्हावे, असा क्रम होता. बागलाण, कळवण, दिंडोरी, सिन्नर, चांदवड या बाजूंच्या मुलाला तो क्रम पुरा करायचा असेल तर घर सोडणे भाग पडे. भगूर तर नाशिकपासून अगदी जवळ, परंतु विनायक दामोदर सावरकरांनाही इंग्रजी शिक्षणासाठी नाशिकला येऊन राहावे लागले. १८९९ च्या प्लेगने वडिलांचे छत्र हरपल्यानंतर सावरकर कुटुंबच नाशिकला आले आणि १९०१ साली सावरकर नाशिकच्या हायस्कुलातून मॅट्रिक झाले. पुढे १९२० च्या दशकात पिंपळगाव बसवंतचे विष्णू वामन शिरवाडकर, म्हणजे आपले कुसुमाग्रज, हेही माध्यमिक शिक्षणासाठी नाशिकच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आले. तीच शाळा आज जु. स. रुंगठा हायस्कूल म्हणून ओळखली जाते. ज्यांच्या घरी शिक्षणाची परंपरा होती त्यांचीही ही स्थिती, तर इतरांचे काय, याची कल्पना करता येते.

गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याच्या पाठीशी या काळात एक जुनी व्यवस्था उभी होती. त्याला माधुकरी मागता येत असे. सात घरी सात वार लावून जेवता येत असे. कोणाच्या ओसरीवर किंवा देवळाच्या सभामंडपात पथारी टाकता येत असे. या जीवनात मानहानी होती, शिळे अन्न होते, यजमानिणीच्या कपाळावरच्या आठ्या मोजणे होते. त्या काळातील आत्मचरित्रांतून या दिवसांची वर्णने जागोजागी आहेत. पण मुलगा शहरात टिकत असे, हेही तितकेच खरे. क्षेत्राच्या गावी तर ही सोय अधिकच. नाशिक, पंचवटी, त्र्यंबक येथे अन्नछत्रे आणि धर्मशाळा यांची वाण नव्हती. मात्र ही सोय जातीच्या पंक्तीने बांधलेली होती. कुणब्याच्या, माळ्याच्या, वंजाऱ्याच्या मुलाला माधुकरी कोण घालणार? अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर ओसरीचीही आशा नव्हती. शहरात भाड्याची खोली आणि खाणावळ हे दोन्ही त्याच्या बापाच्या ऐपतीपलीकडचे होते.

जैन कुटुंबातील मुलाची अडचण निराळ्या प्रकारची होती. पैसा नसे असे नाही. खेड्यापाड्यांतून दुकान चालविणाऱ्या घरी दोन वेळची भ्रांत सहसा नसे. परंतु सूर्यास्तापूर्वीचे भोजन, गाळलेले पाणी, वर्ज्य कंदमुळे, पर्युषणातील उपवास हे सारे परक्या गावच्या खाणावळीत सांभाळणे दुरापास्त होते. संध्याकाळी शाळा सुटून मुलगा खाणावळीत पोहोचेपर्यंत दिवस मावळलेला असे. त्याला चौविहार करायचा तर बहुधा उपाशीच झोपावे लागे. घरच्यांना मुलाच्या शिक्षणापेक्षा त्याच्या आचाराची काळजी अधिक वाटली, तर तो त्या काळाचा स्वभाव होता. शिवाय व्यापारी घरात शिक्षणाची व्याख्याही ठरलेली. पावकी-निमकी पाठ झाली, मोडी वळणदार झाली, रोजमेळ आणि खतावणी लिहिता आली की मुलगा पेढीवर बसे. इंग्रजी शिकून करायचे काय, असा प्रश्न वडीलधारे विचारीत आणि त्याला उत्तर देणारे कोणी घरात नसे.

या प्रश्नाला उत्तर म्हणून बोर्डिंग आले. मुंबईत शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी आपल्या वडिलांच्या नावे हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग उभारले आणि ठिकठिकाणच्या जैन वसतिगृहांना सढळ साहाय्य केले. दक्षिणेत १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि त्यापाठोपाठ जातवार वसतिगृहांची एक मालिकाच तेथे निर्माण झाली. दिगंबर जैन बोर्डिंग हे त्यांतील अगदी आरंभीचे. एम.ए., एल.एल.बी. झालेले अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखे विद्वान त्याच्याशी निगडित होते. हेच लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ च्या मुंबई मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. जैन मुलाला आपल्या आचाराचे अन्न मिळावे आणि त्याने राजाराम हायस्कूलची पायरी चढावी, हा बोर्डिंगचा हेतू. तो सफल झाला यात शंका नाही. शेतकरी जैन घरांतील पहिले मॅट्रिक, पहिले पदवीधर, पहिले वकील यांतील कितीतरी जण अशा वसतिगृहांच्या चुलीवर शिजलेल्या अन्नावर वाढले.

याच बोर्डिंगमध्ये कुंभोजचा एक विद्यार्थी राहत होता. भाऊराव पायगोंडा पाटील. जन्म २२ सप्टेंबर १८८७. वडील महसूल खात्यात कारकून, घराणे दिगंबर जैन, आचार कडक. मुलाची प्रकृती दणकट, वृत्ती बंडखोर आणि गणिताशी वैर. राजाराम हायस्कुलात त्याने नाव काढले ते अभ्यासात नव्हे, अंगबळात आणि खोड्यांत. हे सांगण्यात त्यांचा अनादर नाही. ज्याने पुढे हजारो मुलांना हायस्कूल दाखविले तो स्वतः मॅट्रिक झाला नाही, ही गोष्ट ज्ञानदानाच्या इतिहासात दडवण्यासारखी नाही.

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभाला भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर त्यांनी स्नान करून शुद्ध व्हावे, त्याशिवाय भोजनगृहात येऊ नये, असे बोर्डिंगात सांगण्यात आले. भाऊरावांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांच्या आश्रयाने त्यांची राहण्याची व्यवस्था झाली.

जैन समाजाच्या स्मरणिकांतून कर्मवीर भाऊरावांचे छायाचित्र अभिमानाने छापले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र समाजाच्याच वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले, हे वाक्य छायाचित्राखाली सहसा नसते. बोर्डिंग चालविणारी मंडळी दुष्ट नव्हती. त्यांतील अनेक जण त्या काळाच्या मानाने सुधारकच होते. पालकांनी विश्वासाने पाठविलेल्या मुलांचा आचार सांभाळणे ही त्यांना आपली जबाबदारी वाटत होती. परंतु ज्या चुलीने एका समाजाच्या मुलांना हायस्कूलचे दार उघडून दिले, तिच्याच उंबरठ्यावर एका विद्यार्थ्याला अडविले गेले आणि तेही दुसऱ्या समाजाच्या मुलांना वसतिगृह मिळाल्याच्या आनंदात तो सहभागी झाला म्हणून, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही. अहिंसेची व्याख्या मुंगीपर्यंत पोहोचलेली होती. माणसाच्या शिवाशिवीपाशी ती थबकली होती.

भाऊरावांचे पुढील सारे कार्य या प्रसंगाचे उत्तर म्हणून वाचता येते. त्यांनी बोर्डिंगची कल्पना टाकून दिली नाही. फक्त चूल एक केली. १९१० च्या सुमारास दूधगाव येथे सहकाऱ्यांसमवेत त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम काढला. साताऱ्यात खाजगी शिकवण्या केल्या. किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी खेडोपाडी हिंडले आणि त्या भटकंतीत खेड्यातील मुलाची स्थिती त्यांनी जेवढी जवळून पाहिली तेवढी कोणत्याही शिक्षणाधिकाऱ्याने पाहिली नसेल. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे कार्य साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. धनिणीच्या बागेतील हे वसतिगृह म्हणजे महाराष्ट्राच्या विद्यार्थिजीवनातील एक आगळा प्रयोग होता.

तेथील दिवस भल्या पहाटे सुरू होई. पाणी भरणे, झाडलोट, दळण, स्वयंपाक, भांडी ही सारी कामे विद्यार्थीच आळीपाळीने करीत. नोकर नव्हता आणि ठेवायचाही नव्हता. आज भाकरी थापणारा मुलगा मराठा असे, उद्या महार, परवा मुसलमान, तेरवा जैन वा ब्राह्मण. पंक्तीत कोणाशेजारी कोण बसला आहे हे विचारण्याची सोय नव्हती, कारण सर्वांचे पीठ एकाच परातीत मळलेले असे. शाळेव्यतिरिक्तच्या वेळात शेतात काम असे. खडकाळ जमीन फोडून ती लागवडीखाली आणण्याचे काम मुलांनी अंगमेहनतीने केले. गावोगावच्या गृहिणी दळणाला बसताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवीत आणि ते बोर्डिंगसाठी गोळा होई. मोठ्या देणगीची वाट पाहत बसण्यापेक्षा हा मुष्टिफंड भाऊरावांना अधिक भरवशाचा वाटे. ज्या घराने मूठ दिली त्या घराला बोर्डिंग आपले वाटे, हा त्यातील खरा लाभ. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे शब्द आणि वटवृक्षाचे चिन्ह संस्थेने स्वीकारले ते याच जीवनातून.

अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगी येथे गुलामगिरीतून नुकत्याच मुक्त झालेल्या समाजातील मुलांकडून विटा पाडून घेऊन शाळेच्या इमारती उभारल्या होत्या. त्या प्रयोगाशी भाऊरावांच्या कार्याची तुलना अनेकांनी केली आहे. श्रमाच्या बाबतीत ती पटते. पण साताऱ्यातील चुलीभोवती जे घडत होते ते टस्कीगीत घडण्याचा प्रश्नच नव्हता. तेथे एकाच समाजाची मुले होती, येथे एकमेकांच्या हातचे पाणी न पिणाऱ्यांची मुले होती.

या चुलीची मालकीण म्हणजे सौ. लक्ष्मीबाई. विद्यार्थ्यांच्या त्या वहिनी. त्यांचा जन्म आणि संस्कार धर्मनिष्ठ जैन घरातले. सोवळे-ओवळे, व्रतवैकल्ये यांत वाढलेल्या या स्त्रीने प्रथम पतीच्या हट्टापुढे मान तुकविली असेल, नंतर मात्र सर्व जातींच्या मुलांना तिने पोटच्या मुलांसारखे वाढले. आजारी मुलांची शुश्रूषा केली, अंगावरचे दागिने एकेक करून बोर्डिंगच्या खर्चाला दिले आणि एके दिवशी घरात धान्य नाही म्हणून मंगळसूत्रही काढून दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. हायस्कूल पाहण्यासाठी त्या राहिल्या नाहीत. दानाच्या कथांमध्ये शेठांची नावे संगमरवरात कोरली जातात. या दानाची पावती कोणी फाडली नव्हती.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्यांच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. ज्या राजाने बोर्डिंगमधून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला आसरा दिला, त्याचेच नाव त्या विद्यार्थ्याच्या बोर्डिंगला लाभले.

आता अडचण उरली ती हायस्कूलची. बोर्डिंगातील मुलांना राहण्याजेवण्याची सोय झाली, पण हायस्कूलची फी राहिलीच. एखाद्या मुलाची फी माफ करून घेता येई, शंभरांची नव्हे. म्हणून १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. ते मोफत होते, वसतिगृहासह होते आणि ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर चालत होते. देशातील अशा प्रकारचे ते पहिले हायस्कूल अशी नोंद संस्थेच्या इतिहासात आहे. त्याच्या आदल्या वर्षी दिवंगत झालेल्या बडोद्याच्या सयाजीरावांनी आपल्या राज्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले होते, तेव्हा नावाचे औचित्य निराळे सांगावयास नको. येथे नेहमीचा क्रम उलटा झाला होता. इतरत्र आधी हायस्कूल निघे आणि मग वसतिगृहाची आठवण होई. साताऱ्यात सोळा वर्षे चूल पेटती राहिली आणि मग तिच्याशेजारी वर्ग उभे राहिले. बॅरिस्टर पी. जी. पाटील यांच्यासारखे, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झालेले विद्वान याच बोर्डिंगच्या अन्नावर घडले.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावे १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान काही काळ बंद पडले. लोकांच्या मदतीवर आणि गाडगे महाराजांसारख्यांच्या शब्दावर संस्था त्यातून तरली. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी.लिट. मिळाली होती. मॅट्रिक न झालेल्या माणसाच्या नावापुढे ही पदवी लागली, याचे सर्वाधिक कौतुक बहुधा राजाराम हायस्कूलच्या गणिताच्या शिक्षकांना वाटले असते.

नाशिककडे पाहिले तर येथेही हीच कथा वेगळ्या नावांनी घडलेली दिसते. कर्मवीर रावसाहेब थोरात आदी मंडळींनी १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाजाची मुहूर्तमेढ रोवली ती शाळेने नव्हे, बोर्डिंगने. एप्रिल १९२० मध्ये स्वतः शाहू महाराज नाशिकला आले आणि श्री उदाजी मराठा विद्यार्थी वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिला त्यांच्या हस्ते बसविण्यात आली. दलित विद्यार्थ्यांसाठी शहरात निघालेल्या वसतिगृहाशी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे नाव जोडलेले आहे. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहातील हे अग्रणी आधी मुलांच्या राहण्याजेवण्याची चिंता वाहत होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ साली स्थापन झाली आणि १९२४ साली शहरात कॉलेज निघाले, त्यामुळे मॅट्रिकच्या पुढची वाट नाशिकातच मोकळी झाली. ज्यांची राहण्याची सोय झाली होती तेच त्या वाटेने पुढे गेले.

जैन समाजापुरते पाहावयाचे तर चांदवड येथे १९२८ साली कर्मवीर केशवलालजी हरकचंदजी आबड, अर्थात काकाजी, यांनी श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम स्थापन केला. वऱ्हाडात कारंजा येथे १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम निघाला होता आणि गुरुकुलाची ही कल्पना जैन समाजात मूळ धरू लागली होती. चांदवडचा डोंगर, त्यातील प्राचीन जैन लेणी आणि पायथ्याशी जैन मुलांचे गुरुकुल हे दृश्य तीर्थयात्रेला साजेसे. परंतु काळाच्या ओघात त्या आवारात हायस्कूल आले, महाविद्यालये आली, २००४ साली अभियांत्रिकी महाविद्यालयही आले आणि वर्गात बसणारी मुले केवळ एका समाजाची राहिली नाहीत. आसपासच्या तालुक्यांतील शेतकऱ्यांची मुले-मुली तेथे मोठ्या संख्येने शिकतात. कोल्हापुरात १९०८ साली जो उंबरठा अडला होता, तो चांदवडला कोणतीही घोषणा न होता ओलांडला गेला.

मुलींची गोष्ट वेगळी आणि अधिक कष्टाची आहे. मुलाला परगावी धाडताना आचाराची काळजी होती, मुलीला धाडण्याचा विचारच कोणी करीत नसे. शेठ माणिकचंदांच्या कन्या मगनबेन यांनी मुंबईत श्राविकाश्रम काढला आणि सोलापुरात पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविकाश्रमाला शाळेची जोड दिली. त्यांच्या कार्यावर स्वतंत्र लेखच लिहावा लागेल.

१९५९ साली मुंबई राज्याने आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना फी माफ केली. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पुढे बाराशे रुपयांपर्यंत नेण्यात आली. ‘ई.बी.सी.’ ही तीन अक्षरे त्या पिढीच्या विद्यार्थ्यांना आजही पाठ आहेत. फीचा प्रश्न असा मिटला, गावोगावी हायस्कुले निघाली आणि नाशिकला येऊन राहण्याची गरज इंग्रजी सातवीवरून कॉलेजपर्यंत पुढे सरकली. चुलीचा प्रश्न मात्र संपला नाही. सुरगाणा-पेठेकडून शहरात शिकण्यास येणाऱ्या मुलामुलींना प्रवेश मिळाल्यावर पहिली धावपळ आजही करावी लागते ती वसतिगृहात जागा मिळविण्यासाठी.